सेन्सर बदलूनही चेक इंजिनचा दिवा परत का लागतो? घरी काय आणि कुठल्या क्रमाने तपासावं

तुमची अडचण मला समजली ती अशी. २०१४ ची, तीन सिलिंडरची, हजार सीसीची पेट्रोल गाडी. एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली. खानापूरजवळच्या गावातून रोज बेळगावला ये-जा. पाऊस लागल्यापासून डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. साखळीहून परत येताना केरीच्या पुढे चोर्ला घाट चढायला लागलात तेव्हा तो लुकलुकायला लागला आणि गाडी आचके देऊ लागली. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०१७१ आणि पी०३०२ असे दोन कोड निघाले. ऑक्सिजन सेन्सर बदलला, साडेचार हजार गेले. दोन दिवस दिवा बंद होता, तिसऱ्या दिवशी परत लागला. आता तुम्ही विचारताय, बॅटरीची वायर काढून दिवा घालवता येतो का, आणि घरच्या घरी काही शोधता येतं का.

बॅटरीची वायर काढली तर दिवा जाईल, पण काढू नका. घरी मात्र शोधता येतं, आणि तुमच्या बाबतीत तर बरंच शोधता येईल असं मला वाटतं. मी उद्यमबागेच्या बाजूला चोवीस वर्षं गाड्यांचं काम करतोय. कार्ब्युरेटरवर हात बसला, मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. सुरुवातीच्या काळात मीही कोड वाचून पार्ट बदलले आहेत आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवलेत. म्हणून हे जरा विस्ताराने लिहितो.

तुमचा खरा प्रश्न दिवा घालवण्याचा नाही. गाडीचा कॉम्प्युटर कशाबद्दल तक्रार करतोय आणि त्या तक्रारीचं मूळ कुठं आहे, हा प्रश्न आहे. कोड म्हणजे तक्रार. पोट दुखतंय एवढं पेशंट सांगतो, अपेंडिक्स आहे की गॅस, ते डॉक्टरने शोधायचं असतं. पी०१७१ चा अर्थ ‘ऑक्सिजन सेन्सर खराब’ असा नाहीच. त्याचा अर्थ एवढाच की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय असं कॉम्प्युटरला दिसतंय आणि ते भरून काढता काढता त्याची मर्यादा संपली. उलट पाहिलं तर ही बातमी त्या बिचाऱ्या सेन्सरनेच आणलेली असते. बातमी आणणाऱ्यालाच तुमच्या गॅरेजने बदललं.

आता दुसरा कोड बघा, पी०३०२. दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट होत नाही, आपल्या भाषेत गाडी मिसिंग मारते. हे दोन कोड एकत्र आले की मी नेहमी आधी मिसिंगच्या मागे लागतो, आणि त्याचं कारण असं. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन मोजतो. दोन नंबरला ठिणगी पडली नाही तर तिथली हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर पडतात. हवेतला ऑक्सिजन वापरला गेलेला नसतो, तो तसाच सेन्सरपाशी येतो. सेन्सर सांगतो, ऑक्सिजन फार आहे. कॉम्प्युटर समजतो, पेट्रोल कमी पडतंय, आणि आणखी पेट्रोल सोडतो. म्हणजे पी०१७१ हे पी०३०२ चं पोर असू शकतं. आईकडे न बघता पोरावर खर्च झाला.

‘असू शकतं’ म्हणतोय, ‘आहे’ म्हणत नाही. उलटही घडतं. कुठूनतरी जास्तीची हवा आत शिरली तर मिश्रण पातळ होतं आणि त्यामुळे मिसिंग येतं. पण तसं असेल तर ते बहुतेक वेळा तिन्ही सिलिंडरवर येतं, कोड पी०३०० निघतो. तुमच्याकडे नेमका दोन नंबर आलाय, म्हणून माझा कल पहिल्या शक्यतेकडे. आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: गाडीत गॅस किट आहे का? आपल्या भागात एलपीजीच्या गाड्या भरपूर. किट नीट ट्यून केलेलं नसेल तर हेच दोन्ही कोड त्यामुळेही येतात. किट असेल तर पुढच्या सगळ्या तपासण्या पेट्रोलवरच करा.

सेन्सर बदलल्यावर दिवा दोन दिवस का गेला, याचंही उत्तर देतो, कारण त्यामुळेच माणूस फसतो. स्कॅनरने कोड पुसला की दिवा जातोच, पार्ट बदला नाहीतर न बदला. आणि या प्रकारचे दोष कॉम्प्युटर लगेच पक्के धरत नाही. एका फेरीत (इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत) दिसला तर ‘पेंडिंग’ म्हणून नोंद करतो, पुढच्या फेरीत परत दिसला तरच दिवा लावतो. शिवाय पाऊस उघडला, सपाट रस्ता मिळाला तर दोष दिसतच नाही. म्हणून दोन दिवसांची शांतता दुरुस्तीचा पुरावा धरता येत नाही. आपोआप दिवा जायचा असेल तर लागोपाठ तीन फेऱ्या दोष न दिसता व्हाव्या लागतात, आणि त्यानंतरही कोड बराच काळ आत राहतो, साधारण चाळीस वेळा इंजिन थंडाचं गरम होईपर्यंत. बॅटरीची वायर काढलीत की बहुतेक गाड्यांत हा सगळा इतिहास पुसला जातो. आयडलिंगचं, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवण्याचं, शिकलेलं गणितही जातं आणि गाडी काही दिवस वेडीवाकडी चालते.

कामाला हात घालण्याआधी सुरक्षेचं. पिवळा दिवा स्थिर असेल तर जपून चालवत घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर नाही. लुकलुकणं म्हणजे एवढं मिसिंग होतंय की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातल्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाऊन तिथं जळतंय. त्याच्या आतली चिनी मातीची जाळी वितळते, आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असल्याने तो पार्ट तुमच्या साडेचार हजारांच्या कितीतरी पट जातो. घाटात दिवा लुकलुकला की अॅक्सिलेटर सोडा, एसी बंद करा, जागा बघून बाजूला थांबा. दुरुस्ती होईपर्यंत चोर्ल्याने गोव्याला जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. कणकुंबीच्या पावसात, धुक्यात, अंधारात गाडी बंद पडणं म्हणजे काय ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

लाल दिव्यांची गोष्ट वेगळी. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालू इंजिनावर लागला तर त्याच मिनिटाला इंजिन बंद. ‘पुढच्या गावापर्यंत’ नाही. तापमानाचा लागला तरी थांबा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. एअरबॅगच्या दिव्याला घरी हात लावू नका, त्या वायरींना मल्टीमीटर तर अजिबात नको.

आता तुमच्या गाडीकडे. पहिली पाच मिनिटं नुसतं बघायचं. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तुमचा लागतो हे दिसतंच आहे, पण सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चावीवर हा दिवा लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा चिकटपट्टी मारलीय. अशा गाड्या मी पाहिल्यात.

मग बॉनेट उघडा आणि उंदराची चाहूल घ्या. तुम्ही हसू नका. आपल्याकडे उसाची तोड झाली की रानातले उंदीर गोठ्यात, शेडमध्ये, गाडीत येतात, आणि पावसाळ्यात ऊब शोधत इंजिनावर बसतात. चिकोडीकडच्या एका शिक्षकांची गाडी माझ्याकडे आली होती. दुसरीकडे तीन सेन्सर बदलून झाले होते. इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) वायरीचं कव्हर मागच्या बाजूने कुरतडलेलं, आतली एक तार केसाएवढी उरलेली. गाडी हलली की तुटायची, परत जोडली जायची. लेंड्या, शेंगांची टरफलं, वाळलेलं गवत, वास, यातलं काही दिसलं तर प्रत्येक वायर हाताने चाचपून बघा. तुटलेली सापडली तर नुसती पिळून टेप मारू नका, झाळून घ्या आणि वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा. आपल्या पावसात टेपचा जोड एक हंगामही टिकत नाही.

त्यानंतर बॅटरी. साधा मल्टीमीटर चार-पाचशेत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. मग मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा फार जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी सैल किंवा गंजलेली आहे. कोकणाला लागून असलेल्या आपल्या पट्ट्यात हा गंज नेहमीचा. व्होल्टेज डळमळीत असलं की कॉम्प्युटर कशाचेही कोड देतो, म्हणून हे आधी.

आता डोंगल. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथचा ईएलएम३२७ प्रकारचा डोंगल लावून फोनवर वाचता येतं. भारत स्टेज-४ (प्रदूषणाचा नियम) च्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची ठरावीक पद्धत, एप्रिल २०१३ पासून लागू झालं, म्हणून तुमच्या २०१४ च्या गाडीत तो चालण्याची शक्यता चांगली आहे. त्याआधीच्या गाड्यांत सॉकेट असलं तरी साधा डोंगल बोलेलच असं नाही. अगदी स्वस्तातले काही डोंगल जुन्या गाड्यांची भाषा नीट बोलत नाहीत. तेव्हा ‘कनेक्ट होत नाही’ म्हणजे गाडी बिघडली असा अर्थ काढू नका, दुसऱ्याचा डोंगल लावून बघा.

कोड वाचले की पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. पक्के कोड, पेंडिंग कोड आणि ‘फ्रीझ फ्रेम’, तिन्हींचा. फ्रीझ फ्रेम म्हणजे दोष पकडला त्या क्षणाची नोंद: किती आरपीएम, किती वेग, इंजिन किती गरम, किती लोड म्हणजे भार. बरेच मेस्त्री ती बघतच नाहीत, मी तीच आधी बघतो. तुमच्या नोंदीत लोड जास्त आणि इंजिन पूर्ण गरम असं निघालं तर घाटातल्या अनुभवाशी ते जुळतं.

चढावर आणि पावसातच का, ते समजून घ्या, कारण यातच उत्तर दडलंय. चढावर अॅक्सिलेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो. दाबातल्या हवेतून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, वीस-तीस हजार व्होल्टच्या घरात. हे व्होल्टेज तयार करून प्लगला देते ती कॉईल. कॉईलच्या खाली जी रबरी नळी प्लगवर बसते तिला दहा-बारा वर्षांत बारीक भेगा पडतात. सपाट रस्त्यावर कमी व्होल्टेजमध्ये काम भागतं. चढावर व्होल्टेज वाढलं, त्यात ओल आली, की वीज प्लगच्या टोकाला जाण्याऐवजी भेगेतून बाजूच्या धातूत उडी मारते. त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही. म्हणून ‘पाऊस आणि चढ’ हे तुमचे दोन शब्द वाचल्याबरोबर मला कॉईल किंवा प्लग आठवले. इंजिन वॉशिंगला देऊन आणलंत का अलीकडे? प्रेशरचं पाणी प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात, साचतं आणि हेच होतं.

तपासायची पद्धत अगदी साधी आहे आणि ती फुकट आहे: अदलाबदल. इंजिन पूर्ण थंड, चावी काढलेली. दोन नंबरची कॉईल काढा, तीन नंबरवर लावा. तीनची दोनवर. वायर जोडणाऱ्या कपलरची कुलपं जुनी प्लास्टिकची असतात, ओढू नका, खाच दाबून सोडवा. एक नंबर सहसा टायमिंगच्या बाजूचा असतो, तरी मॅन्युअलमध्ये खात्री करा. तीनमध्ये दोन नंबर मधला, त्यामुळे चुकायची भीती कमी. काढताना रबराच्या नळीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ किंवा पांढरट डाग दिसतोय का बघा. दिसला तर चोर जवळजवळ सापडला. मग कोड पुसा आणि थोडा चढ असलेल्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवा, लुकलुकला की परत फिरा. दिवा लागायची वाट बघायची गरज नाही, पेंडिंग कोड पहिल्याच फेरीत दिसतो.

पी०३०३ आला तर दोष कॉईलबरोबर तीन नंबरवर गेला, म्हणजे कॉईल बदला. पी०३०२ च राहिला तर कॉईल निर्दोष. मग हाच खेळ प्लगचा. एका वेळी एकच वस्तू हलवायची. कॉईल आणि प्लग दोन्ही एकदम हलवलेत तर दिवा जाईलही, पण कशाने गेला ते कळणार नाही. मल्टीमीटरने कॉईल मोजून ‘चांगली आहे’ असं सांगणाऱ्यांवर फार विसंबू नका. टेबलावर थंड असताना चांगली दाखवणारी कॉईल गरम इंजिनावर, लोडवर दगा देते. आणि इंजिन चालू असताना कॉईल उपटून बघायची जुनी सवय कुणी शिकवली असेल तर ती सोडा. कार्ब्युरेटरच्या काळात आम्ही प्लगच्या वायरी तशा काढायचो. आताच्या गाडीत झटकाही बसतो आणि कॉम्प्युटरही जाऊ शकतो.

प्लग काढताना घाई नको. इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे खराब होतात. काढण्याआधी विहिरीतली धूळ-माती हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. बसवताना आधी हातानेच आटे धरवा, पाना नंतर. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाही. काळ्या काजळीने भरलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय. विहिरीतच ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) सील गेलंय. ते आधी बदला, नाहीतर नवी कॉईलही त्यात भिजून जाईल. प्लग शेवटी कधी बदलले ते आठवत नसेल तर तिन्ही नवे घाला, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचेच.

इथपर्यंतचा हिशोब: कोडचा फोटो, उंदीर, व्होल्टेज, कॉईलची अदलाबदल, मग प्लगची. एवढ्यात दहापैकी किती गाड्या सुटतात असा आकडा मी देणार नाही, पण तुमच्या लक्षणांची गाडी बहुधा इथेच सुटेल.

सुटली नाही तर फोनवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म अशा दोन टक्केवाऱ्या असतात, त्यांची बेरीज करा. दहाच्या आत अधिक-उणे असेल तर काळजी नाही. गरम इंजिनावर आयडलिंगला बेरीज अधिक वीस आणि २५०० आरपीएमवर खाली येत असेल तर कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय. एअर फिल्टरनंतरचा रबरी पाइप, इनटेकला (इंजिनात हवा जाते त्या भागाला) जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूमच्या नळ्या हाताने वाकवून भेगा शोधा. त्यावर पेट्रोल किंवा स्प्रे मारून बघण्याचा सल्ला कुणी देईल, गरम इंजिनावर तो आगीशी खेळ आहे. उलट आयडलिंगला ठीक आणि चढावर आकडा वाढत जात असेल तर पेट्रोलच कमी येतंय, फिल्टर किंवा पंप. तो दाब गॅरेजमध्ये गेज लावून मोजावा लागतो. सायलेन्सरच्या पाइपाला ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तरी खोटा पी०१७१ येतो. तुमचा सेन्सर नुकताच काढून घातलाय, तेव्हा तो नीट आवळलाय का तेही बघा.

आणि एक आजकालची बाब. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम काही टक्के वर सरकते. अधिक पाच-सहा दिसले म्हणून घाबरू नका. पण आधीच काठावर असलेली गाडी त्यामुळे काठ ओलांडते, हे मी पाहतोय. टाकी अर्धी ठेवून गाडी पावसात आठवडे उभी ठेवू नका, इथेनॉल ओल ओढून घेतं.

गॅरेजमध्ये परत जायची वेळ आली तर फोटो घेऊन जा. ‘पी०३०२ आहे, कॉईल दोन-तीनमध्ये बदलून बघितली, कोड दोनवरच राहिला, आता इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासा’ असं सांगितलंत की कुठलाही प्रामाणिक मेस्त्री तुम्हाला नीट उत्तर देईल. पार्ट बदलण्याआधी तो खराब आहे हे कशावरून ठरवलं, एवढं शांतपणे विचारा. काढलेला जुना पार्ट मागून घ्या. तुमचा जुना ऑक्सिजन सेन्सर अजून त्यांच्याकडे पडला असेल तर तोही आणा. मिसिंग गेल्यावर तो परत बसवून ट्रिम नीट राहते का बघता येईल, आणि तो चांगला निघाला तर डिकीत सुटा ठेवायला हरकत नाही.

दादा, कॉईलची अदलाबदल या रविवारी सकाळी गाडी थंड असताना करा आणि दोनवर राहिला की तीनवर गेला, तेवढं मला कळवा. दोनवरच राहिला आणि प्लग बदलूनही राहिला तर इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवा आणि मूठ कानाला लावून तिन्ही इंजेक्टरांचा टकटक आवाज ऐका. फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून बाही, ओढणी, टॉवेल दूर ठेवा. दोन नंबरचा आवाज बाकीच्या दोघांपेक्षा वेगळा लागला तर तेही लिहा, तिथून पुढचं बघू.